वाळूची गाडी पकडणं सोपं, प्रकरण टिकवणं अवघड

चोरीच्या वाळूचा ट्रॅक्टर पकडल्याची बातमी आली की खाली प्रतिक्रिया ठरलेली: "हप्ता पोचला नसेल." हप्ते घेणारे आहेत, ते नाकारत नाही. पण रात्री दोन वाजता नदीच्या पात्रात उतरणाऱ्या तलाठ्याजवळ (हल्ली ग्राम महसूल अधिकारी) काय असतं? वर्दी नाही, हत्यार नाही. सोबत एखादा कोतवाल आणि मोबाईलचा टॉर्च. दिवसभर सातबारा, फेरफार, नुकसानीचे पंचनामे करून हाच माणूस रात्री पथकात.

तहसीलची जीप आवाराबाहेर पडली की वाळूचोरांना 'लोकेशन' देणाऱ्यांचे फोन सुरू होतात. म्हणून पथकं खासगी गाडीनं जातात. पात्राकडे जाणाऱ्या वाटांवर जेसीबीनं आडवे चर खोदतात. ते रातोरात बुजवले जातात.

खरा धोका गाडी थांबवल्यावर सुरू होतो. ड्रायव्हर किल्ली घेऊन पळतो. नाही पळाला, तर ट्रॅक्टर तहसीलपर्यंत नेणार कोण? तोच. मग तलाठी मडगार्डवर बसतो आणि अंधारात ट्रॅक्टर भलत्याच वाटेला लागतो. मडगार्डवर बसायचं नाही, गाडीपुढे उभं राहायचं नाही, हे नियम कागदावर हवेत आणि ट्रॅक्टर चालवणारा माणूस पथकाचा स्वतःचा हवा. हायवा (मोठा टिपर) असेल तर ड्रायव्हर पळता पळता हायड्रॉलिक उचलून वाळू रस्त्यावर ओततो. म्हणून आधी भरलेल्या गाडीचा फोटो, अक्षांश-रेखांश आणि वेळेसकट, मग बाकीचं बोलणं.

सगळ्यात जास्त प्रकरणं मरतात ती पंचनाम्यात. "अंदाजे एक ब्रास वाळू" असं लिहिलं की अपिलात वकिलाला तेवढं पुरतं. टेप लावा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि थर पावणेदोन फूट असेल तर १०५ घनफूट, म्हणजे १.०५ ब्रास. साठा शंकूसारखा असेल तर बुडाचा घेर आणि मधली उंची मोजा: घेराचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७. घेर ६० फूट, उंची ६ फूट असेल तर ५७३ घनफूट, पावणेसहा ब्रासच्या आत. वाळू ओली आहे का, फाळक्यातून (ट्रॉलीच्या मागच्या झडपेतून) पाणी गळतंय का, हेही लिहायचं. नुकताच उपसा झाल्याची ती खूण आहे. नंबर प्लेट नसते किंवा खोटी असते, म्हणून चेसिस आणि इंजिन क्रमांक घ्यायलाच हवेत. चेसिसवर चिखल थापलेला असतो. पाण्याची बाटली आणि फडकं जवळ ठेवावं. पंच गावातले मिळत नाहीत, कारण सकाळी त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. कलम ४८(८) खाली जप्त वाहन ४८ तासांत उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाच्या प्राधिकृत अधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. दंड आणि बंधपत्र भरून गाडी सुटते. दंडाच्या आदेशाआधी नोटीस बजावली नाही, म्हणणं ऐकलं नाही, तर आदेश अपिलात रद्द होण्याची शक्यता मोठी. चोरीचा गुन्हाही वेगळा दाखल होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच स्पष्ट केलंय. वारंवार पकडल्या जाणाऱ्यांसाठी एमपीडीएमध्ये, म्हणजे स्थानबद्धतेच्या कायद्यात, 'वाळू तस्कर' हा शब्द आहेच. कायद्याचा तुटवडा नाही.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर सक्शन बोटी (तळातली वाळू पंपानं ओढणाऱ्या) जिलेटिननं उडवल्याचे व्हिडिओ आपण आवडीनं पाहतो. बोट जाते, बोटीचा मालक आणि वाळूचा गिऱ्हाईक मोकळा राहतो. माझं म्हणणं एवढंच की निम्मी लढाई पात्रात नव्हे, बांधकामावर लढली पाहिजे. तिथं भरदिवसा, पोलीस सोबत घेऊन, ढिगाला टेप लावता येते आणि वाहतूक पास मागता येतो. सरकारी कामांपासूनच सुरुवात करा. ठेकेदारानं पास दिले नाहीत तर अनेकदा बिलातून फक्त स्वामित्वधन (रॉयल्टी) कापून बाकी पैसे सोडले जातात. म्हणजे चोरीची वाळू अधिकृत दरात पचली. अशा बिलाची प्रत तहसीलदाराकडे गेली पाहिजे, पाचपट आकारणी झाली पाहिजे आणि तोवर त्या कामाचं पुढचं बिल थांबलं पाहिजे.