पावणेसहा फुटांचं जपान

लग्नाच्या बायोडेटात माझ्याबद्दल ठळक अक्षरात लिहिण्यासारखी एकच गोष्ट होती, उंची ५ फूट ११ इंच. या उंचीचा पश्चात्ताप मला जपानात, शिमाने प्रांतातल्या ओमोरी गावात झाला, दोन दिवसांत तीनदा.

आई पुण्याहून आमच्याकडे टोकियोला निशिकासाईत आलेली. मंदिरं झाली, फुजी झाला, मग बायको म्हणाली आईंना खरं जपान दाखवू. खरं जपान नेहमी लांब आणि महाग असतं. रात्रभर सनराइज इझुमो ही झोपायची ट्रेन, मग लोकल ट्रेन, मग ओदाशी स्टेशनवरून बस, तेव्हा कुठे ओमोरी. इथली चांदीची खाण म्हणजे इवामी गिनझान, १५२६ मध्ये सापडली, १९२३ ला बंद पडली आणि २००७ ला युनेस्कोच्या यादीत गेली. एके काळी जगातली एक तृतीयांश चांदी जपानातून निघायची म्हणतात, त्यातली बरीचशी इथली. आता गावात चारेकशे माणसं आणि तांबूस कौलांची जुनी घरं. कोल्ड्रिंकच्या मशीनलासुद्धा लाकडी झबलं घातलंय, रांगेत उघडंबोडकं दिसू नये म्हणून.

असंच एक दुरुस्त केलेलं जुनं घर आम्ही दोन रात्रींसाठी घेतलेलं. मालकीणबाई, म्हणजे ओकामिसान, दारातच गुडघे टेकून बसल्या आणि हसत म्हणाल्या, "आतामा नि की ओ त्सुकेते", डोकं सांभाळा. मी पण हसत "हाय हाय", म्हणजे हो हो, म्हणत आत शिरलो आणि ठक्क.

सरकत्या दारावरच्या आडव्या पट्टीला कामोई म्हणतात. जुन्या घरात ती जमिनीपासून साधारण पावणेसहा फुटांवर असते. बायको आरामात जाते, आई तर डोक्यावर हंडा घेऊन जाईल, आणि माझं बरोब्बर कपाळ येतं, टिळा लावतात त्याच्या जरा वर.

कपाळ चोळत मी बॅग एका कोनाड्यात टेकवली, फोनचा चार्जर काढला, तर आई ओरडली, "अरे ती काय पिशव्या ठेवायची जागा आहे? फुलं ठेवलीयेत दिसत नाही?" तो तोकोनोमा निघाला, म्हणजे चित्राचा गुंडाळपट आणि फुलं मांडायची मानाची जागा. पहिल्यांदाच जपानात आलेल्या बाईला हे बघितल्या बघितल्या कळतं आणि सहा वर्षं इथे टॅक्स भरणाऱ्याला कळत नाही.

आता स्लिपर. बूट दारात काढायचे, लाकडी पडवीत स्लिपर घालायचे, तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, ते पण काढायचे, आणि संडासाच्या आत संडासाचे वेगळे. आमच्या आजीचं सोवळं याच्यापुढे काहीच नाही. पहाटे अडीचला मी उठलो, अंधार, झोपेत एकच ध्यास की वाकायचंय, वाकलो, व्यवस्थित वाकून खोलीत आलो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतोय तोवर कागदी दारापलीकडून आईचा आवाज आला, "फटक फटक काय वाजतंय रे? संडासातले घालून आलास ना?" दचकून ताठ झालो, मागे वळलो. ठक्क. डोक्याकडे लक्ष दिलं की पाय चुकतात आणि पायाकडे दिलं की डोकं, माणसाने करायचं काय?

आई मात्र माहेरी आल्यासारखी. मांडी घालून जेवण, जमिनीवर गादी, आणि स्वयंपाकघरात चक्क चूल! तिकडे तिला कामादो म्हणतात एवढंच. सकाळी बघतो तर आई ओकामिसानशेजारी बसून जाळ बघतेय, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, तरी भाताच्या तळाची खरपुडी आधी आईच्याच वाटीत पडली. मी मागितली तर संपलेली.

दुपारी र्‍यूगेनजी माबूला गेलो, त्याच खाणीचा १७१५ साली खोदलेला बोगदा. तिथवर आपली गाडी नेता येत नाही, बहुतेक जण चालत किंवा सायकलने जातात. आत गारठा, भिंतीवर छिन्नीच्या खुणा अजून मोजता येतील अशा, बाजूला चांदीच्या शिरेमागे गेलेली एवढी एवढी बिळं, मोठा माणूस सरपटतच जाईल. मी आत शिरल्यापासून जो वाकलो तो पार बाहेर येईपर्यंत, कमरेची काशी झाली पण डोक्याला ओरखडा नाही. बायकोला म्हणलं बघ, तीनशे वर्षांच्या खाणीतून सहीसलामत आलो, आता हे घर काय चीज आहे. हे वाक्य मी दारात उभं राहून, छाती काढून बोललो आणि तसाच आत गेलो. आवाज यावेळी स्वयंपाकघरापर्यंत गेला, कारण ओकामिसान बर्फ घेऊनच आल्या.

निघताना त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. आईने चष्मा लावून सावकाश मराठीत लिहिलं, "घर छान. भात उत्तम, खरपुडीसकट. मुलगा उंच आहे, त्यात घराची काही चूक नाही." ओकामिसाननी विचारलं, काय लिहिलंय? मी फक्त भाताचं भाषांतर केलं.