क्लच न दाबता गिअर बदला म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांची ६ गुपितं, ड्रायव्हिंग स्कूलवाले कधीच सांगणार नाहीत’ या नावाचा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. परवा तो माझ्या भाच्याकडे पोहोचला. त्याने नुकतीच सहा गिअरची मॅन्युअल गाडी घेतली आहे, आणि ‘मामा, आता असंच चालवणार’ असं वर लिहून त्याने तो मला पाठवला. सहा गुपितं अशी: रेसरसारखा क्लच न दाबता गिअर बदला, क्लच वाचतो. घाट उतरताना न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. गिअर जितक्या जोरात माराल तितका पटकन पडतो. प्रत्येक गिअरला डबल क्लच करा, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबा. गिअर नेहमी रेडलाईनलाच, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेलाच बदला. सिग्नलला हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, तयार राहा.

सगळ्यात आधी क्लचचं, कारण याच्याइतका महागात पडणारा मूर्खपणा त्या यादीत दुसरा नाही. रेसर क्लचशिवाय गिअर बदलतात हे खरं आहे, पण त्यांच्या गाडीत डॉग बॉक्स, म्हणजे वेगळ्या दातांचा रेसिंगचा गिअरबॉक्स असतो. त्यात वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंग नसतातच. दात संख्येने कमी, आकाराने मोठे आणि मध्ये भरपूर फट ठेवलेले. गिअर चढवताना क्षणभर इंजिनची ताकद तोडली की ते दात एकमेकांत शिरतात. असा बॉक्स वरचेवर उघडून तपासलाही जातो. रस्त्यावरच्या गाडीत सिंक्रो असतो: गिअर पडण्याआधी एक रिंग कोनावर घासते, दोन्ही बाजूंचा वेग सारखा करते आणि मगच दात जुळू देते. क्लच दाबलेला असताना त्या रिंगला फक्त क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेले गिअर एवढंच हलवायचं असतं. क्लच न दाबता गिअर ओढलात की तिच्यावर फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्रँकशाफ्ट, म्हणजे अख्ख्या इंजिनाचं ओझं येतं. ती त्यासाठी बनवलेलीच नाही.

वाचतं काय आणि जातं काय, ते बघा. क्लच प्लेट झिजण्यासाठीच असते. ती बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. सिंक्रो रिंग गेली की बॉक्स पूर्ण खोलायचा. आधी दुसरा गिअर टाकताना कर्र असा आवाज येतो, मग गार गाडीत तो गिअर जातच नाही, आणि तरीही चालवत राहिलात तर दातांच्या कडा बोथट होऊन गिअर आपोआप सुटायला लागतो.

‘आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बरोबर जुळवला तर क्लचशिवायही अलगद पडतो की’ असं कोणी म्हणेल. पडतो, मान्य. सी-लिंकवर मधोमध क्लचचं पेडल तळाला जाऊन बसलं, तर गाडी चालती ठेवून बाहेर काढायला ही युक्ती कामाला येईल. रोजची सवय म्हणून नाही. निसानने २००९ मॉडेलच्या ३७०झेडमध्ये खालचा गिअर टाकताना आपोआप रेस देणारी यंत्रणा बसवली. कुठला गिअर येतोय ते सेन्सरने ओळखून इंजिनाचा आरपीएम कॉम्प्युटर जुळवतो. हे काम माणसापेक्षा अचूक करणारी यंत्रणा हाताशी असतानाही निसानने क्लचचं पेडल जागेवर ठेवलं आणि ते दाबूनच गिअर बदलायला लावला. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक उदाहरण पाहिलं असतं तरी पहिलं गुपित त्याने खोडलं असतं.

क्लच वाचवायचाच असेल तर त्या ३७०झेडकडून आरपीएम जुळवणं शिका. आधी ब्रेक मारून वेग बहुतेक कमी करून घ्या. क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा. लिव्हर न्यूट्रलमधून जात असताना उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर तसाच ठेवून पायाच्या बाहेरच्या कडेने अॅक्सिलरेटरला छोटी रेस द्या. गिअर टाका, आणि आरपीएमचा काटा हव्या त्या आकड्यावरून खाली येत असताना क्लच सोडा. हवा तो आकडा कसा काढायचा? माझदा एमएक्स-५ च्या सध्याच्या पिढीच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये दुसऱ्याचा रेशो (बॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) २.९९१, तिसऱ्याचा २.०३५ आणि चौथ्याचा १.५९४ आहे. ३००० आरपीएमवर चौथ्यातून तिसऱ्यात आलात तर इंजिन सुमारे ३८०० वर हवं, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात तर ४४०० वर. म्हणजे खालच्या गिअरला जास्त रेस लागते. आपल्या गाडीचे रेशो शोधा आणि हाच हिशोब करा: नव्या गिअरचा रेशो भागिले जुन्याचा, गुणिले आत्ताचा आरपीएम. क्लच सोडल्यावर गाडी पुढे ढकलली गेली तर रेस जास्त झाली, मागे खेचली गेली तर कमी पडली. पावसात मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही कमी पडलेली रेस धोक्याची आहे. इंजिन मागच्या चाकांना अचानक धरतं आणि गाडीची शेपूट सुटते. ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं एबीएस तिथे मदतीला येत नाही, कारण ते फक्त ब्रेकची पकड सोडू शकतं, इंजिनाची नाही.

आता न्यूट्रल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलं की तेच इंजिन आयडलला चालू ठेवण्यासाठी पुन्हा पेट्रोल पिऊ लागतं. इंजिनाचे आकडे दाखवणारा ओबीडी स्कॅनर लावून बोरघाट उतरताना बघा: गिअरमध्ये शून्य, न्यूट्रलमध्ये तासाला साधारण अर्धा ते एक लिटर. एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करायला हवी. अगदी सौम्य, सरळ उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब वाहत जाते आणि थोडं पेट्रोल वाचू शकतं. पण घाटात ते वाहत जाणं प्रत्येक वळणावर ब्रेकने मारावं लागतं. इंजिनाने धरायचं ओझं सगळं ब्रेकवर पडतं, पॅड तापतात, ब्रेक ऑइल तापतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ आहे, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याची कमतरता नाही. ऑइल उकळलं की लाईनमध्ये वाफ होते आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. पुण्याच्या नवले पुलावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा ट्रकवाल्याने उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासातून समोर आलं. घाट तिसऱ्यात उतरा, तीव्र असेल तर दुसऱ्यात, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाका.

गिअर जोरात मारण्याबद्दल. सिंक्रोला वेग जुळवायला एक क्षण लागतो. जोर लावून तो क्षण वाचत नाही, रिंग मात्र झिजते. शिवाय हाताच्या पकडीचे जे व्हिडिओ बघून हे लिहिलंय ते बहुतेक अमेरिकेतले, उजव्या हाताने गिअर टाकणाऱ्यांचे आहेत. आपल्याकडे पहिला-दुसरा गिअर ड्रायव्हरपासून लांब आहे, तेव्हा तिथे तळवा बाजूच्या सीटकडे करून लिव्हर ढकलायची. पाचवा-सहावा आपल्याकडे, तिथे तळवा स्वतःकडे. तिसऱ्या-चौथ्यासाठी हात सैल सोडा, स्प्रिंग लिव्हरला आपोआप मध्ये आणते. आपल्याकडची सगळ्यात वाईट चूक पाचव्यातून चौथ्यात येताना होते: हात बाहेर ढकलला जातो आणि लिव्हर थेट दुसऱ्यात बसते. वरच्याच माझदाच्या पाचव्याचा रेशो १.२८६ आहे. पाचव्यात ४००० आरपीएम असताना चौथ्यात ४९५० व्हायला हवे, दुसऱ्यात ते ९३०० होतात. इंजिनाचे फेरे आवरणारा रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, तो फक्त पेट्रोल तोडतो आणि इंजिन तर चाकंच फिरवतायत. व्हॉल्व्ह पिस्टनला लागले की इंजिन संपलं.

डबल क्लच सिंक्रो नसलेल्या जुन्या गाड्यांसाठी होता. आज चालत्या गाडीत पहिला टाकायचा असेल किंवा एखादा सिंक्रो कमजोर झाला असेल तर उपयोगी, एरवी वेळ जातो, बिघडत काही नाही.

रेडलाईनचं तर सरसकट चूक. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआय पेट्रोल इंजिनाची पूर्ण ताकद ५००० ते ६००० आरपीएममध्ये मिळते, त्याच्या वर ओढून आवाज वाढतो, वेग नाही. आणि सकाळी गाडी काढल्यावर पहिली दहा मिनिटं ३००० च्या वर जाऊच नका, पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी इंजिन ऑइल अजून गारच असतं.

हाफ क्लचवर उभं राहणं म्हणजे मुंबईतल्या केम्प्स कॉर्नरच्या चढावर प्लेट जाळणं. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, निघताना गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडा. ज्यांनी मेसेजमधला हाफ क्लचचा सल्ला आधीच पाळलाय त्यांनी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट बदलायला गाडी या आठवड्यातच मेकॅनिककडे न्या. आणखी उशीर केलात तर फ्लायव्हीलचा पृष्ठभागही जळून खर्च वाढेल.