संबंधितांनी लक्ष द्यावे

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर खजिनदार काकांचा मेसेज आला. "ऑफिसातला संगणक दुरुस्तीनंतर जास्तच अडकतो आहे. संबंधितांनी लक्ष द्यावे." खाली अंगठ्यांची रांग. संबंधित म्हणजे मी. आणि दुरुस्ती कसली हो? मी फक्त मोजमाप लावलं होतं.

मेंटेनन्सची बिलं छापायला घेतली की ते मशीन गपगार पडतं. कारण शोधायचं ठरलं आणि 'तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना' या न्यायाने काम माझ्या गळ्यात आलं. मशीनची मोजमापं गोळा करणारा प्रोमिथियस आणि त्यांचे आलेख काढणारं ग्राफाना, दोन्ही फुकट मिळतात हे कळल्यावर तर ठराव एकमताने मंजूर. माणूसही फुकटच होता.

रविवारी सकाळी बसलो. काका बँकेतून निवृत्त. खुर्ची ओढून, डायरी उघडून शेजारी.

"हा प्रोमिथियस करतो काय?"

"दर १५ सेकंदांनी मशीनला विचारतो. प्रोसेसरवर ताण किती, मेमरी किती उरली."

"दर १५ सेकंदांनी? आमचा चिरंजीव महिन्यातून एकदा विचारतो."

यावर काय बोलणार? मी पुढचं डाउनलोड लावलं.

"आणि पत्ता काय याचा?"

"लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन. पोर्ट, म्हणजे त्यातलं दार, ९०९०."

"९०९०? हा तर दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या इनोव्हाचा नंबर! त्यांना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं.

"माहिती किती दिवस ठेवतो?"

"१५ दिवस. मग जुनी पुसतो."

"पुसतो? मग ऑडिटरला मी काय दाखवू?" मुदत वाढवता येते, हे मी सांगेपर्यंत डायरीत 'पुसतो' लिहून त्याखाली दोन रेघा मारून झाल्या होत्या.

ग्राफाना उघडलं. पहिलं लॉगिन ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. बदलायला सांगतं ते. काकांनी सोसायटीचा नोंदणी क्रमांक सुचवला. तो गेटवरच्या पाटीवर रस्त्यापलीकडूनही वाचता येतो.

मधे माझा फोन वाजला, बाहेर गेलो. परत येतो तर प्रोमिथियस सुरूच होईना. त्याची कॉन्फिगची, म्हणजे सेटिंगची, फाइल याम्ल प्रकारची. तिथे ओळ आत सरकवायची तर मोजून स्पेस द्यायच्या, टॅब चालत नाही. आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्येक ओळीवर कर्सर फिरवत बसलो. काका भडंग खात होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ओळी वाकड्यातिकड्या होत्या, मी जरा सरळ केल्या. लेजरची सवय."

लेजरची सवय!

शेवटी आलेख उमटला. मेमरीची रेघ छताला टेकलेली. मशीनला रॅमच ४ जीबी; त्यात विंडोज, बिलांचं सॉफ्टवेअर, ब्राउझरच्या डझनभर टॅब आणि आता माझी ही पाहुणेमंडळी. कारण सापडलं. मी सांगितलं, आणखी ४ जीबी टाका. हे मी ग्रुपवरही लिहिलं, आलेखाच्या फोटोसकट. त्याला एकही अंगठा नाही. कुणीतरी विचारलं, "हिरवा रंग आहे म्हणजे चांगलंच ना?"

गेटवर 'सुस्वागतम' धावणाऱ्या एलईडी बोर्डाला पैसे होते. पाणी कधी येणार हेसुद्धा त्यावर दिसत नाही. रॅमचा विषय निघाला की मात्र निधी, तरतूद, पुढची सभा. माझा रविवार गेला त्याची तरतूद कुठल्या खात्यात दाखवणार आहेत, ते विचारायची सोय नाही.

आज सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. रॅमला तत्त्वतः मंजुरी आहे म्हणाले. फक्त तीन कोटेशनं लागतील, वेगवेगळ्या दुकानांची, शिक्क्यानिशी. ती मीच आणायची आहेत.