टॅगच्या नावात आकडे कोंबणाऱ्यांनो, हात जोडले!

कुटुंबातल्या माणसांची यादी एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाचा टॅग लावून, पाठवायची तर माणसागणिक एक 'सदस्य' टॅग द्या, त्याच्या पोटात नाव, वय, नातं ठेवा. इतकं सोपं आहे हो! पण नाही. फॉर्ममधून येणाऱ्या एक्सएमएलमध्ये सदस्य१_नाव, सदस्य१_वय, सदस्य२_नाव अशी सगळी एकाच पातळीवर रांगेत उभी. मग टॅगच्या नावातून आकडा उपसून कोणाचं वय कोणाचं हे जुळवत बसायचं आम्ही. तेही एक्सएसएलटी १.० मध्ये, म्हणजे एक्सएमएलचं रूप बदलायच्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीत! गट पाडायची सरळ सोय २.० मध्ये, म्हणजे २००७ सालीच आली. आमचा प्रोसेसर, म्हणजे ती भाषा चालवणारा प्रोग्राम, मात्र १९९९ च्या त्या पहिल्या आवृत्तीला चिकटून. म्हणून 'की' आणि 'जनरेट-आयडी' या तिच्यातल्या सोयी घेऊन गट पाडायची ती 'म्युंचियन' नावाची कसरत. त्यात क्रम लावणाऱ्या सॉर्टला 'डेटा-टाइप नंबर' सांगायचं राहिलं की आकडे अक्षरांसारखे लागतात आणि दहावा सदस्य दुसऱ्याच्या आधी.

आणि नेमस्पेस, म्हणजे टॅगचं नाव कुठल्या घराण्यातलं हे सांगणारा शिक्का! कुणीतरी गुपचूप सगळ्यात वरच्या टॅगला एक्सएमएलएनएस लिहून तो शिक्का चिकटवतं आणि एकही एक्सपाथ, म्हणजे टॅग शोधायचा पत्ता, जुळेनासा होतो. एरर? छे! मुकाट्याने रिकामा सांगाडा बाहेर. वर फॉर्मवाल्यांचाच फोन, "आमच्याकडून सगळं नीट गेलंय, तुमच्या बाजूला बघा."