राग अध्यक्षांवर, आणि हुर्यो पोरांची?

ज्यानं निर्णय घेतला त्याला जाब विचारायचं सोडून लेझमीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांची हुर्यो उडवणं मला अजिबात मान्य नाही. गणपतीच्या बैठका आता सुरू होतील, म्हणून हे आत्ताच लिहितोय. विसर्जनाच्या रात्री हे सांगून उपयोग नसतो, तेव्हा कुणी कुणाचं ऐकत नाही.

प्रसंग आमच्याच भागातला आहे. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की खाली त्या मंडळाच्या बाजूनं आणि विरोधात भांडण सुरू होईल आणि पोरं पुन्हा बाजूला राहतील. आपल्या सोलापूर महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली, निवडणूक लांबत गेली, आणि मधल्या प्रत्येक गणपतीत इच्छुकांचे फलक वाढत गेले. अशाच एका इच्छुकानं मंडळाच्या लेझीम पथकाला टी-शर्ट दिले. पुढं छातीवर मंडळाचं नाव बारीक अक्षरात, पाठीवर साहेबांचा फोटो भला मोठा. हे घ्यायचे का नाही यावरून कार्यकर्त्यांत दोन तट पडले. बैठकीत आवाज चढले, जुने दोघं-तिघं उठून गेले, आणि शेवटी अध्यक्षांनी आपल्या चार माणसांना धरून ठरवून टाकलं. पोरांना टी-शर्ट मिळाले ते थेट विसर्जनाच्या दिवशी दुपारी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी अकरावीतली पोरगी अध्यक्षांसमोर काय बोलणार होती?

मिरवणूक मधल्या मारुतीजवळ आली तेव्हा बाजूच्या गर्दीतून पहिली शिट्टी आली. मग एकानं ओरडून विचारलं, "काय बे, लेझीम खेळलालाव का प्रचार करलालाव?" लोक हसले. दुसऱ्या बाजूनं विरोधी इच्छुकाच्या नावाचा जयघोष सुरू झाला. मोबाइल वर झाले. पोरांचे चेहरे, पाठी, सगळं टिपलं गेलं. माझी पुतणी दुसऱ्या रांगेत होती. तिच्या शेजारच्या मुलीचा पाय चुकला, तर त्यावरही हुर्यो. आणि ज्यांच्यामुळं हे सगळं झालं ते अध्यक्ष त्या वेळी मागं ट्रॅक्टरवर, गणपतीजवळ, फेटा बांधून उभे होते. त्यांच्यापर्यंत यातला एक आवाजही गेला नाही.

लेझीम बाहेरून सोपी दिसते. ज्यांनी हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या. ती हलवली की वाजते, पण शंभर हातांतली एकाच क्षणी वाजायला हवी. पहिले कित्येक दिवस पोरं नुसते चार आवाज घोटतात. मग पवित्रा, मग बैठक, मग चालता चालता वळणं. अंगठ्याच्या मुळाशी फोड येतात, खांदे भरून येतात. सोलापुरात श्रावण संपत आला की संध्याकाळी पेठापेठांतून हलगीचा आवाज ऐकू यायला लागतो तो या सरावाचा. आपली लेझीम ही आपल्या गणेशोत्सवाची ओळख आहे असं आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. ती ओळख घडते क्लास, कॉलेज, कारखान्यातली पाळी किंवा दुकानातलं काम संपवून रात्री गल्लीत उतरणाऱ्या पोरापोरींच्या घामातून. मुलींची पथकं उभी राहिली त्यालाही घराघरांत किती समजूत घालावी लागली हे मला माहीत आहे. माझ्या भावानं आधी नाही म्हटलं होतं. वहिनीनं त्याला सरावाला नेऊन बसवलं, तेव्हा तो विरघळला.

अशा पोरीच्या तोंडावर शिट्टी मारणाऱ्याला मी विचारलं. ओळखीचाच होता, माझ्याच वयाचा. म्हणाला, "पोरांना नाय रे, त्या फोटोला मारली." त्याचं म्हणणं खरं असेल. पण फोटो पाठीवर होता आणि कान पोरीचे होते. टीका कुणासाठी होती हे मारणाऱ्याच्या मनात राहतं, समोरच्याला फक्त लागतं. सोळाव्या वर्षी माणूस एवढा हिशेब करू शकत नाही की ही शिवी माझ्या अध्यक्षांची आहे, माझी नाही. तिला एवढंच कळलं की महिनाभर घोटलं आणि आपल्याच गावानं हाकलून लावल्यासारखं केलं.

पुढं जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे आणि त्यावर फार कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी व्हिडिओ टाकला. "आमच्या लेकरांचा अपमान झाला, आमच्या मुलींवर शिट्ट्या मारल्या." शब्द न् शब्द खरा होता. सगळी पेठ त्यांच्या बाजूनं झाली. बैठकीतून उठून गेलेले जुने कार्यकर्तेसुद्धा गप्प बसले, कारण आता तोंड उघडलं तर ते शिट्ट्या मारणाऱ्यांच्या बाजूचे ठरणार. टी-शर्टचा प्रश्न तिथंच मेला. पैसे कुणी दिले, कशाच्या बदल्यात दिले, पोरांच्या पाठीवर फोटो छापायचा अधिकार कुणी दिला, हे कुणी विचारलंच नाही. म्हणजे ज्यांना तो निर्णय चुकीचा वाटत होता त्यांनीच तो निर्णय घेणाऱ्याला वाचवलं. पोरांवर ओरडलं की नेत्याला ढाल मिळते. आधी तो पोरांना पुढं करतो, मग आपण पोरांवर मारा करतो, आणि मग तो त्यांच्या जखमा दाखवतो. तिन्ही वेळा पोरंच वापरली जातात.

यावर एक मुद्दा मला दोघातिघांनी ऐकवला आणि तो वजनदार आहे. ते म्हणाले, टाळ्या वाजवल्या तर अध्यक्ष म्हणणार, बघा, लोकांना पटलंय. मग प्रेक्षकानं नापसंती दाखवायची तरी कशी? प्रश्न बरोबर आहे. रस्त्यावर उभ्या माणसाकडं दुसरं हत्यार नसतं असं वाटतं. पण त्याच रात्री माणिक चौकात एका दुकानाच्या पायरीवर बसलेले एक आजोबा मी बघितले. आयुष्यभर लेझीम खेळलेला माणूस. पोरांची रांग समोरून गेली तेव्हा त्यांनी उठून दाद दिली, एका पोराला थांबवून "मनगट सैल सोड" असं सांगितलंही. मागून ट्रॅक्टर आला, अध्यक्षांनी वाकून नमस्कार केला, तर आजोबांनी हात जोडले नाहीत. म्हणाले, "पोरं चांगली खेळली. तुम्ही बरं केलं नाही." एवढंच. अध्यक्षांचा चेहरा उतरलेला मी बघितला. शंभर शिट्ट्यांनी जे झालं नव्हतं ते या दोन वाक्यांनी झालं, कारण ती योग्य माणसाला, त्याच्या तोंडावर सांगितली होती.

हे फक्त गणपतीपुरतं नाही. कुस्ती आपल्या जिल्ह्याच्या रक्तात आहे, म्हणून तिथलं उदाहरण देतो. २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर महिला पैलवानांनी लैंगिक छळाचे आरोप केले, साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया आंदोलनाला बसले, वाद पेटला, निवडणुका लांबल्या, आणि ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेनं महासंघाला निलंबित केलं. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला जागतिक स्पर्धेत १९ वर्षांच्या अंतिम पंघालनं ५३ किलोत कांस्यपदक जिंकलं, ऑलिंपिकची जागा मिळवली, आणि हे सगळं भारताच्या नाही, तटस्थ झेंड्याखाली. संघटना चालवणाऱ्यांच्या कारभाराची किंमत तिनं मोजली. डिसेंबरमध्ये नवी कार्यकारिणी आली, १५ आणि २० वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धा घाईघाईनं उत्तर प्रदेशातल्या गोंड्याला जाहीर झाल्या, म्हणून क्रीडा मंत्रालयानं कार्यकारिणीच निलंबित केली आणि स्पर्धा लटकल्या. ज्या पोरांचं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं त्यांचं काय? जानेवारी २०२४ मध्ये शेकडो कुमार पैलवान जंतरमंतरवर येऊन बसले, आपलं वर्ष वाया गेलं म्हणून, आणि त्यांच्या घोषणा कुणाविरुद्ध होत्या, तर साक्षी, विनेश आणि बजरंगविरुद्ध. त्या आंदोलनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तक्रार करणाऱ्या मुलींची बाजू खरी होती. पण त्या कुमार पैलवानांना शिव्या घालणाऱ्यांमध्ये मी नव्हतो आणि नसेन. तालमीत पहाटे चारला उठणाऱ्या पोराला मोठ्यांच्या भांडणात कुठल्या तरी एका बाजूला ढकललं गेलं होतं.

जानेवारी २०२३ चं महाराष्ट्र केसरी तर आपल्याला तोंडपाठ आहे. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड, दोघंही आपल्या जिल्ह्याचे. बाहेरची टांग या डावाला दिलेल्या गुणांवरून वाद झाला. निर्णय पंचांचा होता, आणि पंचांना फोनवरून धमकी देण्यापर्यंत मजल गेली. लढणाऱ्या दोघांच्या मेहनतीबद्दल त्या दिवसांत मी चहाच्या गाड्यावर चार शब्दही ऐकले नाहीत. सगळे एक तर सिकंदरचे झाले होते, नाही तर महेंद्रचे.

नाटकवाल्यांनाही सांगायला हवं. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक या पुण्यातल्या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडकच द्यायचा नाही असं ठरवलं. त्यावर वाद घालायला हरकत नव्हती. पण ज्यांनी त्यातली एकही एकांकिका पाहिली नव्हती असे लोकही "आजच्या पोरांना नाटक येतंच कुठं" असं लिहीत होते, ते वाचून मला संताप आला होता. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात स्पर्धेच्या वेळी मागच्या रांगांत बसून विंगेतल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात शेरे मारणारे आपल्याकडंही आहेत. संस्थेनं कुणाला घेतलं, दिग्दर्शक कुणाचा मेहुणा, या सगळ्याचा राग पहिल्या प्रवेशात उभ्या राहिलेल्या पोरावर काढतात.

आणि डॉल्बी. आपल्या शहरात डॉल्बीच्या विरोधात लोक बोलायला लागलेत, मी त्यांच्यासोबत आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, सणांसाठी सरकारनं ठरवलेल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट. हे सगळं मोडलं जातं आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. पण डॉल्बीच्या भिंतीपुढं लेझीम पथक लावणाऱ्या मंडळांत त्या पोरांचं काय होतं ते जवळ जाऊन बघा. लेझीम हलगीवर चालते. मागून डॉल्बी सुरू झाली की पुढच्या रांगेला हलगी ऐकूच येत नाही, मग ती हलगीवाल्याच्या काठीकडं बघून पाय टाकते. मागच्या रांगेला काठी दिसत नाही. रांगा तुटतात. आणि कट्ट्यावरचे लोक म्हणतात, आताच्या पोरांना ताल नाही! डॉल्बी लावणाऱ्यांचा राग, तालाची नाराजी, कानठळ्यांचा वैताग, सगळं त्याच पोरांच्या अंगावर. डॉल्बी त्यांनी ठरवलेली नसते. बरीच पोरं सरावात म्हणत असतात की नुसती हलगी ठेवा.

मग करायचं काय? वर्गणीची पावती बघा. तिच्यावर अध्यक्षांचं, खजिनदारांचं नाव छापलेलं असतं, बऱ्याचदा मोबाइल नंबरही. पोलिसांकडं मिरवणुकीची परवानगी मागणारा अर्ज पदाधिकाऱ्यांच्या सहीनं जातो. वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. म्हणजे जाब कुणाला विचारायचा हे शोधायला कुठं जावं लागत नाही, कागद आपल्या घरात पडलेला असतो. आमच्या गल्लीतल्या एका किराणा दुकानदारानं वर्गणी मागायला आलेल्यांना सरळ सांगितलं होतं, "हलगीवाल्याचे आणि लेझमीचे पैसे देतो, पावतीवर तसं लिहा. फोटोला माझा पैसा नको." कार्यकर्ते आधी कुरकुरले, पण लिहून दिलं. असं दहा दुकानदारांनी केलं असतं तर टी-शर्ट आलेच नसते.

यंदाच्या पहिल्या बैठकीला मी जाणार आहे आणि तीन गोष्टी मागणार आहे. एक, पथकातल्या पोरापोरींच्या अंगावर मंडळाच्या नावाशिवाय कुठलंही नाव, चिन्ह, फोटो असणार नाही. दोन, पथकाच्या पुढं-मागं काय वाजणार हे सराव सुरू व्हायच्या आधी ठरेल आणि पोरांसमोर ठरेल. तीन, काही वाद झालाच तर विसर्जनाच्या दिवशी पथकासोबत अध्यक्ष स्वतः चालतील, ट्रॅक्टरवर नाही, पहिल्या रांगेच्या पुढं. ज्याला काही बोलायचंय तो त्यांना बोलेल.

पुतणी यंदा खेळणार नाही म्हणते. मी तिला आग्रह केला नाही, करणारही नाही. पण तिच्या सोबतच्या मुली सरावाला येणार आहेत. आमच्या पेठेतल्या ज्यांना ज्यांना तो फोटो खटकला होता, त्यांनी बैठकीला यावं. त्या रात्री शिट्टी मारणाऱ्या माझ्या मित्रालाही मी फोन केलाय. येतो म्हणालाय.