शंकासुर आणि इतर मंडळी

लेक्चर संपायला पाचच मिनिटं असतात, सरांनी मार्करचं टोपण लावलेलं असतं, बॅगांच्या चेनी आवाज न करता बंद व्हायला लागलेल्या असतात आणि सर जाता जाता विचारतात, "एनी डाउट?" आता हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच हो, तो निरोप असतो! पण पहिल्या बाकावरून हात वर जातोच. आमचा शंकासुर. बरं, याची शंका आज शिकवलेल्यातली पण नसते, मागच्या युनिटमधली असते आणि उत्तर त्याला पाठ असतं, फक्त "म्हणजे सर, असंच ना?" करून सरांचा शिक्का हवा असतो. सर खूश, टोपण परत उघडतं, बोर्ड परत पुसला जातो, आणि अख्खा वर्ग त्याच्या मानेकडे अशा नजरेने बघतो की मान जळत कशी नाही हेच नवल.

मी मधल्या बाकावरचा, ना हुशारांत ना टवाळांत, त्यामुळे दोन्हीकडचा ताप मलाच.

पुढे बसते "माझं काहीच झालं नाही रे" वाली. परीक्षेआधी तिचा रडवेला चेहरा बघून जरा धीर येतो, की चला, सोबत आहे. रिझल्ट लागला की कळतं, बुडणारे आपण एकटेच होतो. नोट्सवाली मात्र देवमाणूस! पण तिच्या वहीची झेरॉक्स, त्याची झेरॉक्स, मग त्याचा फोनवर काढलेला तिरका फोटो असं होत होत आमच्यापर्यंत जे येतं ते वाचायला दैवी शक्तीच लागते. समासात तिने कंटाळून काढलेलं फूल एका पठ्ठ्याने पेपरात आकृती म्हणून काढलं, वर नावं पण दिली.

झोपणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, बिचारे कुणाला त्रास देत नाहीत.

मागच्या बाकावर प्रॉक्सीवाला. 75 टक्के हजेरीचा नियम काढणाऱ्याला कल्पनाही नसेल की त्यातून किती मिमिक्री आर्टिस्ट घडणार आहेत. आमचा हा एकेका रोल नंबरला वेगळा आवाज काढतो, कधी सर्दी झालेला, कधी घोगरा, आणि प्रत्येक वेळी पेन पडल्याचं निमित्त करून बाकाखाली वाकतो. एकदा त्याने मित्राचं "प्रेझेंट सर" म्हटलं आणि त्याच क्षणी तोच मित्र दारात, "मे आय कम इन सर?" वर्गात सन्नाटा. सरांनी एकदा हजेरीपटाकडे बघितलं, एकदा दाराकडे. "ये की, तू तर मगाशीच आलायस."

तो पण इतका गोंधळला की "थँक्यू सर" म्हणून गुपचूप जागेवर जाऊन बसला.