दातांवरच्या पांढऱ्या डागांबद्दल: एक स्टार देणाऱ्या पालकांना दवाखान्याचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाच्या ब्रेसेस, म्हणजे दातांवरच्या तारा, काढल्यावर वरच्या पुढच्या दातांवर पांढरे डाग निघाले आणि ते चिकटवायच्या ‘केमिकल’मुळे पडले. उपचार चालू असताना हिरड्या सुजून रक्त यायचं, तेव्हा आम्ही ‘ब्रश नीट कर’ याखेरीज काही केलं नाही. वेगळे ब्रश आणि क्लीनिंग यांचे पैसे वरून घेतले. शिवाय मुलाचे दात रंगवून त्याला सगळ्यांसमोर खजील केलं.

तुमच्या मुलाच्या फाईलमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. तो माझा पेशंट आहे, त्यातून अडनिड्या वयाचा. त्याच्या दातांची चर्चा चव्हाट्यावर करणं बरं नाही. सुरुवातीपासूनचे फोटो आणि प्रत्येक भेटीच्या नोंदी दवाखान्यात आहेत, केव्हाही येऊन बघा, प्रती हव्या असतील तर घेऊन जा. इथे मी डागांबद्दल बोलते. ज्यांच्या घरी आत्ता कुणाच्या दातांवर तारा आहेत, तेही हे वाचणार आहेत.

आधी केमिकलचं. ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावरचा छोटा चौकोनी तुकडा, चिकटवण्यापूर्वी दातावर एक जेल लावतो. ते फॉस्फोरिक ॲसिड असतं, साधारण ३७ टक्क्यांचं. अर्ध्या मिनिटाच्या आत ते धुऊन टाकतो. त्याने इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, डोळ्यांना दिसणार नाही इतपत खरखरीत होतं आणि चिकटवायचं रेझिन त्यात धरून राहतं. ॲसिड हा शब्द ऐकून कुणीही दचकेल, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण डाग या जेलने पडले असते, तर ते कुठे पडायला हवे होते? ब्रॅकेटच्या बरोबर मागे, झाकलेल्या जागी.

मुलाला उजेडात, खिडकीपाशी उभं करा. ओठ वर करून दात स्वच्छ रुमालाने कोरडे पुसा, कारण ओल्या दातावर हे डाग नीट दिसत नाहीत. आता बघा. दाताच्या मधोमध, जिथे ब्रॅकेट होतं तिथे चौकोनी तुकडा मूळ रंगाचा आहे आणि पांढरेपणा त्याच्याभोवती आहे. हिरडीच्या बाजूला तर जास्तच. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं की मागची भिंत जशी नव्यासारखी निघते, तसं हे आहे. चिकटवलेली जागा झाकलेली राहिली, म्हणून वाचली. जी उघडी होती तिच्यावर थर बसत गेला.

तो थर म्हणजे दातांवरचं चिकट, पिवळट कीटण. त्यात जिवाणू असतात, स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा त्यांतला मुख्य. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते त्याचं आम्ल करतात. तोंडाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. लाळ ते सावरून घेते, पण तिला अर्धा तास तरी लागतो. तेवढ्यात मुलाने दप्तरातलं चॉकलेट काढलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. असं होत होत वरचा पापुद्रा शाबूत राहतो आणि आतून इनॅमल सच्छिद्र होतं. तोच पांढरा डाग. थर तसाच राहिला तर महिन्याभरातसुद्धा तो उमटू शकतो.

‘दोन वर्षं काही नव्हतं, काढल्यावर एकदम दिसले’ असं तुम्ही लिहिलंय. काढल्यावर दिसले हे खरं. त्याआधी दातांवर ब्रॅकेट, तार, रबर आणि कीटण होतं. सगळ्यांत जास्त डाग पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारच्या लहान दातांवर पडतात, कारण तिथे ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यातली जागा अगदी चिंचोळी असते. मुलं ब्रश समोरून फिरवतात, तो ब्रॅकेटच्या डोक्यावरून जातो आणि नेमकी तीच पट्टी राहते.

हिरड्यांचंही मूळ तिथेच आहे. बहुतेक वेळा तार टोचून रक्त येत नाही. हिरडीच्या कडेला कीटण साचलं की ती सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. रक्त दिसलं की मूल घाबरून तिथे ब्रश लावायचं सोडतं, घरचेही म्हणतात, राहू दे दोन दिवस. त्या दोन दिवसांत सूज वाढते. वयात येताना हार्मोन्समुळे हिरड्या तशाही जास्त चिडतात. मग हिरडी फुगून ब्रॅकेटवर चढते आणि ब्रशला जागाच उरत नाही. म्हणून रक्त येतंय तिथेच, मऊ ब्रशने, हळूहळू पण रोज घासायचं. नेमाने केलं तर आठ-दहा दिवसांत रक्त कमी होऊ लागतं. याला गोळी नाही. ‘ब्रश नीट कर’ हे सांगून हात झटकणं वाटलं असेल, पण या दुखण्यावर औषध तेच आहे. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश थोडे दिवस, साधारण दोन आठवडे, देतो. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग धरतात आणि जिभेची चव जाते. पेस्ट आणि ते माउथवॉश यांत अर्धा तास जाऊ द्यावा लागतो, नाहीतर पेस्टमधला फेस त्याचा गुण कमी करतो. मेडिकलमधून बाटल्यांवर बाटल्या आणून ब्रशला सुट्टी देणारे पालक मी पाहते, म्हणून एवढं लिहिलं.

आता पैशांचं. व्ही आकाराचा ऑर्थो ब्रश आमच्याकडे छापील किमतीला मिळतो. तो आमच्याकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. साध्या मऊ ब्रशनेही काम होतं. सक्ती करायचीच झाली तर मी बाटली घासायच्या ब्रशसारख्या त्या छोट्या इंटरडेंटल ब्रशची करीन, आणि तोही चांगल्या मेडिकलमध्ये मिळतो. क्लीनिंगचा खर्च वेगळा असतो, ते उपचाराआधी सही घेतो त्या मराठी पत्रकावर लिहिलेलं आहे. क्लीनिंगने दात हलतात, फटी पडतात हे खरं नाही. कीटणाने भरलेली फट ते निघाल्यावर दिसते, इतकंच.

दात रंगवण्याबद्दल मी मागे हटणार नाही. त्या द्रावणाने कीटण असलेली जागाच रंग धरते. आरसा मुलाच्याच हातात देतो आणि रंग त्याच्याच ब्रशने काढायला लावतो. ‘नीट घासतो’ म्हणणाऱ्या मुलाला आपलं काय राहतंय ते दहा मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा त्या गुलाबी पट्टीत चटकन कळतं. आमच्या खुर्च्या एकाच हॉलमध्ये आहेत. ज्या मुलाला लाज वाटते त्याने सांगावं, आतल्या खोलीत करू. रंगाच्या गोळ्या घरीही आणता येतात. रविवारी सकाळी आई, बाबा, आजी सगळ्यांनीच एकदा दात रंगवून बघा, मग मुलाला एकट्यालाच बोलणी बसत नाहीत.

तारा असताना घरी नेमकं काय करायचं? सकाळी शाळेची घाई, एसटी गाठायची असते. कोरेगाव, रहिमतपूर, वाईहून आमच्याकडे येणाऱ्या मुलांचं मला माहीत आहे. सकाळी जमेल तसं घासा, पण रात्रीचं चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री राहिलेल्या थराला अडवणारं कुणी नसतं. बेसिनवर चांगला दिवा हवा. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वर तिरका धरून हिरडीच्या कडेवर बारीक हलवायचा, मग खालून वर, मग समोरून. एकेका दाताला चार-पाच सेकंद द्यावे लागतात. त्यानंतर छोटा ब्रश तारेच्या मागे घालून दोन ब्रॅकेटच्या मधे वरून खाली, खालून वर. सवय झाली की सगळं सहा-सात मिनिटांत आटपतं. पेस्ट कुठली म्हणून विचारतात. आयुर्वेदिकशी माझं वैर नाही, पण पाकिटावर फ्लोराइड लिहिलंय का बघा, १००० पीपीएमच्या आसपास. नसेल तर तारा असेपर्यंत ती बाजूला ठेवा. राखुंडी आणि कोळशाची पूड तर नकोच. शेवटी पेस्ट थुंकायची आणि थांबायचं. आपल्याकडे खळखळून चार चुळा भरल्याशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही, पण त्या चुळांबरोबर फ्लोराइडही मोरीत जातं.

चौदा-पंधरा वर्षांपर्यंत कुणीतरी मोठ्याने मोबाईलच्या टॉर्चने रोज रात्री एक नजर टाकावी. ‘आता मोठा झालाय, त्याचं तो करतो’ हे वाक्य मी डाग पडलेल्या दातांसमोर बसूनच जास्त ऐकते.

खाण्याचं एवढंच: ऊस सोलून दातांनी खायचा नाही, चिक्की नाही, पेरू फोडी करून. कंदी पेढ्याला साताऱ्यात राहून मी ना म्हणणार नाही. जेवणाबरोबर खा आणि विषय संपवा. पाच रुपयांची चॉकलेटं दिवसभर तोंडात घोळवणं आणि कोल्ड्रिंकची बाटली तास-तास पुरवून पिणं जास्त महागात पडतं.

इतकं करूनही सफाई जमतच नसेल, तर उपचार अर्धवट थांबवून तारा काढायचा सल्ला मी देते. पालक नाराज होतात. माझ्या मते थोडे वाकडे पण धड दात, सरळ पण डागाळलेल्या दातांपेक्षा बरे.

तुमच्या मुलाचं पुढे काय? बाहेर कुणी ब्लीचिंग किंवा घासून काढायला सांगितलं असेल, तर आत्ता लगेच करू नका. तारा निघाल्यावर तिथे ब्रश पोचतो, लाळ पोचते. पुढच्या काही महिन्यांत असे डाग बऱ्याचदा फिके होतात, सगळेच जातील असं नाही. दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट चालू ठेवा. रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला दिलेला साचा, थंड पाण्याने धुवा, गरम पाण्यात तो वाकडा होतो. सहा महिन्यांनी जे डाग उरतील त्यांच्यासाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन आहे: डागाच्या छिद्रांत पातळ रेझिन मुरवतात, दात कोरावा लागत नाही. काही डागांना वरचा अगदी पातळ थर घासून काढणं पुरतं. कुठे खड्डा किंवा खरखरीत तपकिरी जागा जाणवली, तर मात्र सहा महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

हे आमच्याकडेच करा असंही नाही. दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरचं, मत घ्यायचं असेल, तर फोटो आणि एक्स-रे देते. आमच्याकडे यायचं ठरवलंत तर दुपारी फोन करून या, तेव्हा गर्दी नसते आणि सुरुवातीच्या फोटोंशेजारी आत्ताचे ठेवून निवांत बघता येईल. येताना रिटेनर आणि मुलगा सध्या वापरतोय तो ब्रश बरोबर आणा.